डोंगराची सहल आणि शर्यतीचा रस्ता

(भाईंदर पूर्व येथील खारी गावात शिक्षक, शासकीय कर्मचारी आणि ठाणे जिल्ह्यातून आलेले पंचायत सदस्य यांच्यापुढे उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. माहिती खात्याचा माणूस म्हणजे योजना, अर्थसंकल्प, पीकपाणी यांविषयी बोलणारा. त्याने सहलीवर बोलावे, हे थोडे विचित्रच. परंतु या विषयाला कारण घडले ते आपल्याच एका शिक्षक मित्राचे. गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला विचारले, "साहेब, मुलांना घेऊन घाटावर जावे म्हणतो, पण तिकडे सायकल शर्यतीसाठी रस्ते खणले आहेत म्हणे. जावे की न जावे?" मी त्यांना तत्काळ सांगितले, "खुशाल जा." ते उत्तर मी विचार न करता दिले होते. त्याचा पश्चात्ताप मला पुढे पंधरा दिवसांतच झाला. तो कसा, ते ओघाने सांगेन.

खारीला बांधकाम नवे नाही

बांधकाम सुरू असताना संसार कसा करावा, हे खारीच्या माणसाला शिकवण्याची गरज नाही. खाडी, मिठागरे आणि भातखाचरे यांचा हा मुलूख. १२ जून १९८५ रोजी ग्रामपंचायती एकत्र येऊन येथे मीरा-भाईंदर नगरपरिषद स्थापन झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिची महानगरपालिका झाली. खारी, गोडदेव, नवघर ही गावे त्या वाढत्या नगराच्या कुशीत सामावली. ज्यांनी गावाचा पाणंद-रस्ता पाहिला, त्यांच्याच नातवंडांनी काँक्रीटचा रस्ता पाहिला. मधल्या काळातील खड्डे, धूळ, वळसे आणि विलंब हे सारे आपण सोसले. घोडबंदर रस्त्याने ठाण्यास जाणाऱ्या गृहस्थाला तर घरातून केव्हा निघावे याचे गणित रोज नव्याने मांडावे लागते.

मात्र गंमत अशी की, हाच गृहस्थ चार दिवसांच्या रजेवर डोंगरात निघाला की ते सारे गणित विसरतो. सुट्टीत रस्ता आपल्यासाठी मोकळा असलाच पाहिजे, अशी त्याची समजूत असते. आजचे माझे बोलणे या समजुतीविषयी आहे.

शर्यत आणि तिची तयारी

१९ ते २३ जानेवारी २०२६ या पाच दिवसांत पुणे जिल्ह्यात 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत पार पडली. सुमारे ४३७ किलोमीटरचा तिचा मार्ग होता. पुणे व पिंपरी-चिंचवड या शहरांबरोबरच मुळशी, मावळ, भोर, पुरंदर अशा डोंगराळ तालुक्यांतून देशोदेशींचे सायकलपटू धावले. महाराष्ट्राला सायकल शर्यतीचे वेड जुनेच आहे. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटाची चढण सर्वांच्या आधी पार करणाऱ्याला 'घाटाचा राजा' हा किताब मिळतो, हे आपणांस ठाऊकच आहे. परंतु जगभरचे स्पर्धक अनेक टप्प्यांत आपल्या घाटवाटांवर धावावेत, हा अनुभव निराळाच होता.

अशा शर्यतीला रस्ता कसा लागतो, हे थोडे समजून घेतले पाहिजे. मोटारीला जो खड्डा केवळ धक्का देतो, तो अरुंद चाकांच्या सायकलीला आडवी करतो. शेकडो सायकली एकमेकींना खेटून उतारावरून सुटतात, तेव्हा एकाची चूक दहा जणांना भोवते. म्हणून पृष्ठभाग एकसारखा हवा. गटारावरील जाळी रस्त्याच्या पातळीत हवी. साइडपट्टी आणि डांबर यांत पायरी नको. वळणावर कठडा हवा. मार्गातील गतिरोधक तात्पुरते काढावे लागतात. थोडक्यात, नुसते खड्डे बुजवून भागत नाही, रस्त्याचा बराचसा भाग नव्याने करावा लागतो.

हे काम करायचे केव्हा? पावसात डांबरीकरण होत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस जूनमध्ये येतो आणि ऑक्टोबरशिवाय निरोप घेत नाही. शर्यत जानेवारीत. म्हणजे कामाला उरले ते अवघे तीन महिने. आणि नेमके याच तीन महिन्यांत दिवाळीची सुट्टी, नाताळची सुट्टी आणि शाळांच्या सहली येतात! डोंगरात काम करण्याचा हंगाम आणि डोंगरात हिंडण्याचा हंगाम एकच आहे. हा कोणा अधिकाऱ्याचा हट्ट नव्हे, कोणा ठेकेदाराचा दोषही नव्हे. हा निसर्गाने आखून दिलेला कालदर्शक आहे. ही एक गोष्ट ज्याने ध्यानात घेतली, त्याची निम्मी चिडचिड तेथेच संपते.

माझी चूक

आता माझी हकीकत. डिसेंबरच्या एका रविवारी आम्ही दोन कुटुंबे एका भाड्याच्या गाडीने भाईंदरहून निघालो. मुळशी तालुक्यातील एका खेड्यात एका शेतकरी कुटुंबाकडे उतरायचे ठरले होते. 'सूचना वाचा, बातम्या ऐका, मगच घराबाहेर पडा' असे लोकांना सांगण्यात माझी वीस वर्षे गेली. पण स्वतः निघताना मी एकाही कार्यालयाला दूरध्वनी केला नाही. ज्यांच्याकडे उतरणार होतो, त्यांनाही रस्त्याविषयी विचारले नाही. जेवणाचा बेत तेवढा विचारला.

घाट चढू लागल्यावर एका ठिकाणी रस्त्याची अर्धी बाजू खणलेली होती. एक माणूस हिरवे निशाण आणि दुसरा तांबडे निशाण घेऊन आळीपाळीने गाड्या सोडत होता. दहा मिनिटे थांबलो. मागच्या एका मोटारीतील मंडळींचा धीर सुटला. त्यांनी रांग मोडून गाडी पुढे काढली. त्यांच्यामागून आणखी तिघे गेले. आमच्या चालकाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "चल, आपणही निघू." त्या शब्दांची मला आजही लाज वाटते.

अर्ध्या खोदाईपाशी वरून येणाऱ्या गाड्या आणि आम्ही समोरासमोर उभे ठाकलो. मागे हटायला जागा नाही, पुढे जायला वाट नाही. वरून येणाऱ्या गाड्यांत एक जीप होती. तीत बाळंतपणासाठी निघालेली एक बाई होती. तिची सासू खाली उतरून एकेका गाडीपाशी हात जोडत होती. रस्त्यावर काम करणाऱ्या मजुरांनी घमेली-फावडी टाकली, कडेचे खडीचे ढीग हाताने बाजूला केले, एकेक मोटार मागे ढकलली. पाऊण तासाने ती जीप निघाली. जाताना त्या सासूने आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्या बाईचे पुढे काय झाले, ते मला कळले नाही.

मित्रहो, त्या दिवशी खोळंबा कामामुळे झाला नव्हता. निशाणवाल्यांची व्यवस्था चोख होती. खोळंबा झाला तो आमच्यामुळे. आमच्या दृष्टीने तो सहलीचा रस्ता होता. तिच्या दृष्टीने तो दवाखान्याचा एकमेव रस्ता होता.

सहलीचा आराखडा

या अनुभवातून मी जे शिकलो, ते चार-पाच मुद्द्यांत मांडतो. शिक्षक मंडळींना शालेय सहलींसाठी त्याचा उपयोग व्हावा.

पहिली गोष्ट, विचारपूस. मोठ्या स्पर्धेपूर्वी वाहतूक बंद ठेवण्याचे वा वळविण्याचे आदेश जिल्हा प्रशासन आणि पोलीस खाते प्रसिद्ध करते. ते वृत्तपत्रांत येतात, पोलीस ठाण्यात मिळतात. परंतु त्याहूनही ताजी माहिती एस. टी.च्या आगारात असते. कोणती फेरी बंद आहे, कोणती वळसा घालून जाते, हे वाहतूक नियंत्रकाला रोजच्या रोज ठाऊक असते. ज्या घाटातून एस. टी. जात नाही, त्या घाटातून मुलांची बस नेऊ नये, हा साधा नियम मी स्वतःसाठी केला आहे.

दुसरी गोष्ट, दिवस आणि वेळ. शर्यतीच्या प्रत्यक्ष दिवशी मार्ग काही तास बंद असतो. त्या दिवशी एक तर शर्यत पाहण्यासाठीच जावे आणि आदल्या रात्री मुक्कामाला पोहोचावे, नाही तर तिकडे फिरकूच नये. एरवी शनिवार-रविवार टाळता आले तर टाळावेत. घाट दिवसाउजेडी चढावा आणि दिवसाउजेडी उतरावा. खणलेल्या रस्त्याची कड रात्री दिसत नाही.

तिसरी गोष्ट, वाहन. भाईंदरहून लोकलने दादर आणि तेथून मध्य रेल्वेने कर्जत किंवा लोणावळा हा मार्ग रस्त्यावरील कोणत्याही खोदाईला जुमानत नाही. बोरघाटातील बोगदे आणि दऱ्या रेल्वेच्या खिडकीतून दाखविणे हा मुलांसाठी भूगोलाचा उत्तम पाठ होय.

चौथी गोष्ट, मुक्काम. आपल्या सहलींना एक खोड आहे. तीन दिवसांत सात स्थळे 'उरकायची'. बांधकामाच्या काळात हा हव्यास मुळीच परवडत नाही. एकाच गावी राहावे आणि पायी हिंडावे. ज्या घरी उतरतो त्या घरच्या शेताची, गुरांची, पाण्याची चौकशी करावी. शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण जाहीर केले, त्यामागेही हाच विचार आहे. पर्यटकाचा पैसा शेतकऱ्याच्या घरात जावा आणि पर्यटकाला शेतकऱ्याचे जीवन कळावे.

पाचवी गोष्ट, पर्यायी डोंगर. सारे डोंगर पुणे जिल्ह्यातच आहेत असे नव्हे. आपल्याला जवळचे जव्हार आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवरचे हे जुन्या संस्थानाचे गाव. तेथील राजवाडा, दाभोसाचा धबधबा आणि आसपासच्या पाड्यांवरील वारली चित्रकला पाहायला परदेशी पाहुणे येतात आणि आपण मात्र मनोरच्या फाट्यावरून पुढे निघून जातो. माथेरान आहे, तेथे खासगी मोटारींना दस्तुरी नाक्यापुढे प्रवेशच नाही आणि नेरळहून वर चढणारी छोटी रेल्वे १९०७ सालापासूनची आहे. एका डोंगरावर काम सुरू असेल तर त्याला थोडी उसंत द्यावी आणि दुसऱ्याचा पाहुणचार घ्यावा.

रस्ता कोणाचा?

येथवर पाहुण्याची बाजू झाली. आता यजमानाची बाजू पाहू. कारण या सभेत पंचायत सदस्यही आहेत.

मुळशीचे नाव निघाले की मला १९२१ साल आठवते. टाटा कंपनीच्या धरणासाठी मावळातील गावे पाण्याखाली जाणार म्हणून सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली तेथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. धरण झाले. मुळशीचे पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहात उतरले आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या, दिवे लागले. डोंगराने दिले आणि शहराने घेतले, असा हा शंभर वर्षांचा हिशेब आहे. म्हणून डोंगरात शहराच्या हौसेसाठी वा देशाच्या प्रतिष्ठेसाठी काही उभे राहते, तेव्हा तेथील माणूस विचारतो, "यात आमचे काय?" हा प्रश्न विकासाला विरोध करणारा नाही, हिशेब मागणारा आहे. त्याचे उत्तर दिले पाहिजे.

उत्तर देण्याजोगी उदाहरणे आपल्याजवळ आहेत. १९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडा स्पर्धा भरल्या. त्या निमित्ताने वापरलेल्या निमआराम गाड्या पुढे एस. टी.च्या दादर-पुणे मार्गावर धावू लागल्या आणि 'एशियाड' हेच त्यांचे नाव लोकांच्या तोंडी बसले. स्पर्धेत पदके कोणाला मिळाली हे विसरलेला प्रवासीसुद्धा 'एशियाडने आलो' असे सांगत असे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्याजवळ म्हाळुंगे-बालेवाडी येथे श्री शिवछत्रपती क्रीडानगरी उभी राहिली. त्याच ठिकाणी २००८ साली राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या. स्पर्धा चार दिवसांची असते. मागे उरते ते किती वर्षे आणि कोणाच्या उपयोगी पडते, यावर तिचे मोल ठरते.

हा प्रश्न केवळ आपल्यापुढेच आहे असे नाही. २०२६ च्या फेब्रुवारीत इटलीतील मिलान आणि कोर्तिना येथे हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा झाल्या. कोर्तिना या आल्प्समधील गावी १९५६ सालीही हिवाळी ऑलिंपिक भरले होते. सत्तर वर्षांच्या अंतराने पुन्हा बांधकाम, पुन्हा पाहुणे आणि पुन्हा तोच प्रश्न, की डोंगराला किती भार सोसेल? आपल्याकडे उत्तराखंडातील औलीला २०११ साली दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडा स्पर्धा झाल्या. औलीच्या पायथ्याचे गाव जोशीमठ. जानेवारी २०२३ मध्ये त्या गावातील घरांना तडे गेल्याच्या बातमीने सारा देश हादरला. डोंगर मुका असतो, पण तो हिशेब विसरत नाही.

पहिला पावसाळा हीच परीक्षा

आपल्या सह्याद्रीचेही तसेच आहे. ३० जुलै २०१४ ला माळीण, २२ जुलै २०२१ ला तळीये, १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडी, या तिन्ही तारखा महाराष्ट्राच्या काळजावर कोरलेल्या आहेत. त्या दुर्घटना रस्त्यामुळे झाल्या असे मी म्हणत नाही. परंतु अतिवृष्टीत आपले डोंगर किती हळवे होतात, हे त्यांनी दाखविले. रस्त्याचे रुंदीकरण करताना डोंगराची जी कड कापली जाते, तिच्यावर पहिला पावसाळा जाईपर्यंत ती कशी वागेल, ते नेमके सांगता येत नाही. शर्यतीसाठी केलेल्या रस्त्याचा निकाल जानेवारीत लागत नाही. तो जुलैत लागतो.

म्हणून अशा मार्गावरील पंचायतींनी पावसाळ्यापूर्वी चार गोष्टी जातीने पाहाव्यात. मोऱ्या आणि कडेची गटारे खडीने बुजली तर नाहीत ना? शाळा, अंगणवाडी आणि बाजार यांच्यासमोरचे काढलेले गतिरोधक परत बसविले का? कापलेल्या कडेवरून माती-दगड सुटू लागले तर कोणाला कळवायचे, तो क्रमांक चावडीवर लिहिला आहे का? आणि रस्ता गुळगुळीत झाल्याने वाढलेल्या वेगाची जाणीव करून देणारे फलक लागले का? ग्रामसभेत ठराव करून संबंधित बांधकाम विभागाला पत्र पाठविण्यास खर्च काही येत नाही. चांगला रस्ता मिळाला म्हणून गाव आनंदी होते, आणि त्याच रस्त्यावर भरधाव मोटारीखाली शाळकरी पोर सापडले की तोच रस्ता शाप वाटू लागतो. वरदान आणि शाप यांत कधी कधी एका गतिरोधकाचेच अंतर असते.

पाहुण्यांसाठीही पावसाळ्याचे पथ्य आहे. १५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने भरलेला असताना कोसळला आणि माणसे प्राणास मुकली. जेथे धोक्याचा फलक आहे तेथे जाऊ नये, जेथे गर्दी आहे तेथे थांबू नये, एवढे जरी आपण विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविले तरी पुष्कळ झाले.

समारोप

ज्या शिक्षक मित्रांनी मला प्रश्न विचारला होता, ते मुलांना घेऊन गेले की नाही, असे आपण विचाराल. ते गेले, पण माझे ऐकून नव्हे. त्यांनी आगारात चौकशी केली, शर्यतीचा आठवडा टाळला आणि फेब्रुवारीत मुलांना मुळशीला नेले. नव्या रस्त्यावर एका वळणावर बस थांबवून त्यांनी मुलांना सांगितले, "या चढणीवरून परदेशी खेळाडू सायकलने गेले." तेव्हा एका मुलीने विचारले, "आणि हा रस्ता कोणी केला, सर?" त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. परत आल्यावर त्यांनी तो प्रश्न मला विचारला, आणि माझ्या डोळ्यांपुढे घमेली टाकून मोटारी ढकलणारी ती माणसे उभी राहिली. विजेत्याचे नाव वर्तमानपत्रात येते. त्यांची नावे कोठेच येत नाहीत.

येत्या सुट्टीत आपण डोंगरात जाल तेव्हा वाटेत कोठे ना कोठे काम चालू असेल, निशाण घेऊन कोणी उभा असेल. त्याने तांबडे निशाण दाखविले की थांबावे. वरून कोण येत आहे, हे त्याला दिसत असते. आपल्याला दिसत नसते. मी जे त्या दिवशी केले नाही, ते आपण करावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.